साडूपेक्षा एक नंबर जास्त

नंबरवाल्यांना त्यांचं खरं नाव विचारलं तर ते क्षणभर थांबून आठवतात, असं त्यांची बायको म्हणते. चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाचं असं होतं. गिऱ्हाईक दारातूनच "नंबरवाले, जरा बघा हो, परत अंधुक दिसतंय" म्हणत आत येतं, आणि नंबरवालेही जगाला नंबरानेच ओळखतात. रस्त्यात कुणी भेटलं की त्यांच्या मनात आधी "उणे दोन, डावा जरा जास्त" येतं आणि मग नाव येतं. काही लोकांच्या बाबतीत नाव येतच नाही.

धंद्यात माणूस सरळ. नको असलेली काच त्यांनी कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणालंच की "थोडा वाढवूनच द्या नंबर, म्हणजे जास्त दिवस पुरेल," तर हातातला स्क्रू खाली ठेवून ते त्याला समजावत बसत. नंबर म्हणजे शाळेतले मार्क नव्हेत, जास्त मिळाले म्हणून पाठ थोपटून घ्यायला. ज्याचा त्याचा नंबर ज्याला त्याला. हे भाषण गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. समोरचा न्हावी तर ते नंबरवाल्यांच्या आवाजात म्हणून दाखवी.

असा हा शहाणा, समंजस माणूस जगात फक्त एका माणसाच्या बाबतीत ठार वेडा होत असे. तो माणूस म्हणजे त्यांचा साडू.

साडू हे नातंच मुळी अजब. भाऊ नाही, मित्र नाही, वैरी म्हणावं तर वाढदिवसाला केक भरवायला लागतो. दोन अनोळखी पुरुषांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, एवढाच त्यांचा गुन्हा; पण शिक्षा म्हणून दोघांना जन्मभर तराजूच्या दोन पारड्यांत बसावं लागतं, आणि तराजू सासूच्या हातात असतो. नंबरवाले थोरले जावई, साडू धाकटा. साडू लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर होता. माणसांना वर नेण्याचाच धंदा, त्यामुळे तो स्वतःही कायम वर. नंबरवाल्यांनी स्कूटर घेतली, त्याच महिन्यात साडूने गाडी घेतली. नंबरवाल्यांनी घराला रंग दिला, साडूने घर बदललं. नंबरवाल्यांचं अपेंडिक्स काढलं तर सहा महिन्यांत साडूने पित्ताशय काढून घेतलं, आणि तेही दुर्बिणीतून. दुर्बीण म्हणजे भिंगं. म्हणजे वास्तविक नंबरवाल्यांच्या अखत्यारीतली गोष्ट. तरी सासूबाई आठवडाभर कौतुक करत होत्या, धाकट्यांना फक्त तीन टाके पडले म्हणून.

त्यात सगळ्यांत संतापजनक भाग असा की साडू वाईट नव्हता. तो दिलदार होता, हसरा होता, कुणाच्याही घरची गळकी तोटी बघताक्षणी बाह्या सरसावून बसत असे. ज्याचा मनापासून मत्सर करायचा त्याने निदान थोडा तरी नालायक असावं, एवढी साधी अपेक्षाही हा माणूस पुरी करत नव्हता.

हे सगळं नंबरवाल्यांनी वीस वर्षं सोसलं. स्कूटर सोसली, गाडी सोसली, पित्ताशयसुद्धा सोसलं. पण मग गोष्ट भिंगरीपर्यंत आली.

भिंगरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय पंधरा. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून भिंगरी, आणि भिंगवाल्याची पोर म्हणूनही भिंगरी. ही कोटी आपणच केली असं नंबरवाले सांगत आणि बायको ते दर वेळी खोडून काढी. एका संध्याकाळी भिंगरी गणितं सोडवत बसली होती आणि नंबरवाल्यांना दिसलं की तिची मान डावीकडे कलली आहे. धंद्याच्या नजरेला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तिला दुकानात नेऊन त्यांनी खुर्चीत बसवलं आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला. पोरीने शेवटची ओळ घडाघडा वाचली. तिच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला.

"डोळे ठणठणीत आहेत," नंबरवाले म्हणाले. "मग मान का वाकडी?"

"वाकडी कुठंय? काका असंच बघतात," भिंगरी म्हणाली. "नेम धरताना. मस्त लागतो नेम."

काका म्हणजे मावशीचा नवरा. म्हणजे साडू.

सहा महिन्यांपूर्वी साडूने घरी गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवून घेतला होता. तयार नव्हे, एकेक भाग निवडून, हवा तसा बांधून घेतलेला. तेव्हापासून भिंगरीचा रविवार मावशीकडे जायचा. सकाळी केस विंचरता विंचरता निघायची आणि दिवेलागणीला परतायची. जेवताना मग "काकांनी आज असं केलं" आणि "काका आज तसे मेले." एवढ्या वेळा मरूनही हा माणूस पुढच्या रविवारी जिवंत कसा असतो, हे नंबरवाल्यांना पडलेलं कोडं होतं.

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. पोरीने आपलं नाक घेतलं नाही, ठीक. नाक आईचं छान आहे. आपला शांतपणा घेतला नाही, तेही ठीक. पण घ्यायचीच होती तर मान साडूची?

"कॉम्प्युटर घ्यायचा," घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला सांगितलं. "गेमचा. मोठा."

"तुम्हाला अजून फोनवरून फोटो पाठवता येत नाही," बायको म्हणाली.

"मला नको. भिंगरीला. घरात असला म्हणजे रविवारी वणवण करत जायला नको."

"वणवण? दोन स्टॉपवर तर राहतात." बायकोने भाजी चिरणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचा नंबर शून्य होता, आणि नवऱ्याच्या बाबतीत तर त्यांना भिंतीपलीकडचंही दिसे. "अहो, त्यांच्या घरात पोर नाही. आठवड्यातून एकदा घर जरा हसतं. तुमचं काय जातं त्यात?"

"माझा रविवार जातो," नंबरवाले म्हणाले. आणि इतकं खरं बोलून गेल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पुढच्या रविवारी भिंगरीला सोडायच्या निमित्ताने ते स्वतः साडूकडे गेले. साडूचा आनंद गगनात मावेना. थोरले साडू आपण होऊन आले, म्हणजे लिफ्ट न बोलावता मजल्यावर येऊन उभी राहिल्यासारखंच. त्याने त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर एका बाजूला काच असलेली एक उभी पेटी होती. आत तीन पंखे निळे-जांभळे होत फिरत होते. शेजारी रुंद मॉनिटर, समोर विमानातल्यासारखी खुर्ची.

"बघा साडूभाऊ, चित्र कसं काचेसारखं स्वच्छ."

नंबरवाल्यांनी बघितलं. त्यांना ते काही स्वच्छ वाटलं नाही. अक्षरांच्या कडा भरतकामातल्या टाक्यांसारख्या दातेरी दिसत होत्या. पण या बाबतीत आपल्याला काय कळतंय, असं स्वतःला बजावून त्यांनी खिशातून दुकानाचं कार्ड काढलं, ज्यावर ते गिऱ्हाइकांचे नंबर लिहीत, आणि विचारलं, "किती इंच हा?"

"सत्तावीस. एकशे पासष्ट हर्ट्झ. एक मिलिसेकंद. रॅम सोळा, पॉवर सप्लाय साडेसातशे."

नंबरवाल्यांनी कार्डाच्या पाठीवर खालोखाल लिहिलं: २७, १६५, १, १६, ७५०, आणि पंखे ३. नुसते आकडे. चष्म्याच्या नंबरापुढे कधी कुणी काही लिहीत नाही, त्यामुळे इंच, हर्ट्झ वगैरे शेपट्या त्यांच्या हातून आपोआपच गळाल्या. सव्वीस वर्षांची सवय.

तोवर भिंगरी आणि साडू खेळायला बसले होते. एकाने खेळायचं, दुसऱ्याने शेजारी बसून "डावीकडे, डावीकडे, झुडपामागे" म्हणायचं, मेलं की पाळी बदलायची. दोघांच्याही माना डावीकडे कललेल्या, एकाच वाऱ्याने वाकलेल्या झाडांसारख्या. पाठमोरे बघून कुणालाही वाटलं असतं, बापलेक आहेत. नंबरवाल्यांना समोर ठेवलेला चहा कडू लागला. साखर बरोबर होती.

कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळायचं दुकान एका अरुंद जिन्याच्या माथ्यावर होतं. भिंतीभर खोकी, मध्ये एक लांब टेबल, आणि टेबलामागे दुकानाची मालकीण. चाळिशीची, बारीक अंगाची बाई, अंबाड्यात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. नंबरवाल्यांनी घरून दुकानाच्याच कार्डाच्या पाठीवर लिहून आणलेली यादी तिच्यापुढे ठेवली. यादीची रीत सोपी होती: साडूचा आकडा, आणि त्याच्या पुढचा जो मिळेल तो. ३२, १८०, ५, ३२, ८५०, आणि पंखे ४.

बाईने यादी वाचली. परत वाचली.

"हे पाच काय आहे?"

"साडूचं एक आहे," नंबरवाले म्हणाले. "दोन मागणार होतो, पण म्हटलं होऊन जाऊ दे."

"एक मिलिसेकंद. म्हणजे चित्र बदलायला मॉनिटरला लागणारा वेळ."

"हो. तेच."

"साहेब, तो जितका कमी तितका चांगला. पाच म्हणजे तुम्ही उशीर मागताय. साडूच्या पाचपट."

नंबरवाल्यांनी यादीकडे पाहिलं. बाईने यादी उलटी करून छापील बाजू पाहिली, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"चष्म्याचं दुकान आहे तुमचं?"

"हो."

"मग एक सांगा. तुमच्याकडे कुणी आलं आणि म्हणालं, माझ्या साडूला दोन नंबर आहे, मला तीन द्या. तर काय कराल?"

यावर द्यायचं उत्तर नंबरवाल्यांना उभ्या गल्लीसकट पाठ होतं. तेच सव्वीस वर्षं देत आलेलं अर्ध्या तासाचं भाषण आज जिना चढून त्यांच्याच अंगावर आलं होतं. ते स्टुलावर बसले.

"तुम्हाला कॉम्प्युटर हवाय," बाई आता जरा मऊ आवाजात म्हणाली, "की साडू?"

"कॉम्प्युटर," नंबरवाले म्हणाले. "मुलीसाठी."

"मग मुलीचं बोला. टेबल केवढं आहे? ती स्क्रीनपासून किती लांब बसणार?"

आणि या प्रश्नावर नंबरवाल्यांची कळी खुलली. डोळ्यापासून वस्तूचं अंतर हा तर त्यांचाच विषय. टेबल दोन फूट खोल, मॉनिटरचा पाय वजा जाता डोळा पावणेदोन फुटांवर. त्यांनी हात लांब करून अंतर दाखवलं, डोळे बारीक केले, आणि स्वतःच म्हणाले, "बत्तीस इंच नको. मान फिरवावी लागेल. सिनेमाला पहिल्या रांगेत बसल्यासारखं होईल पोरीला."

"सत्तावीस बास."

"पण मग साडूएवढाच झाला," ते कळवळून म्हणाले. एवढ्या शहाण्या बोलण्यानंतरही ते निघालंच तोंडातून.

बाईने टेबलावरचे दोन मॉनिटर चालू करून शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकच पान आणलं. दोन्ही सत्तावीस इंची. एकावर अक्षरांच्या कडा दातेरी, दुसऱ्यावर रेशमी. "माप तेच, पण यात ठिपके जवळजवळ दुप्पट आहेत," ती म्हणाली. "तुमच्या साडूंकडे बहुतेक हा पहिला असणार."

नंबरवाले चष्मा काढून, पुसून, परत लावून दोन्ही मॉनिटरांसमोर पाळीपाळीने बसले. त्यांच्या मनात लाडवांचा डबा उघडल्यासारखं झालं. साडू इतके महिने भरतकाम बघत बसला होता. त्यानंतर ते एखाद्या शहाण्या मुलासारखे वागले. ठिपके दुप्पट म्हणजे ते रंगवायला कार्डही दमदार लागणार, तर आधी ग्राफिक्स कार्ड निवडलं, मग ते मावेल एवढी पेटी, मग त्या कार्डाला पुरेल एवढा पॉवर सप्लाय. रॅम बाईने सांगितली तेवढी. पंखे तीनच. फक्त शेवटी, खाली मान घालून, त्यांनी विचारलं, "आत दिवे साडूपेक्षा जास्त लावता येतात का?"

"येतात," बाई म्हणाली. "त्याने काही होत नाही."

"लावा."

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा भिंगरी धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली. त्या रविवारी ती कुठेही गेली नाही. नंबरवाल्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"बाबा, पुढे जायचं."

"जातोय."

"तुम्ही आकाशाकडे बघताय. खाली या. आता जमिनीकडे बघताय."

"तो कोण पळाला?"

"त्यानेच मारलं तुम्हाला."

अर्ध्या तासात नंबरवाले अकरा वेळा मेले. त्यातले तीनदा तर स्वतःच भिंतीला धडकून. त्यांना भोवळ आली, पण ते सुखात होते. भिंगरी हसत होती, आणि बघायला साडू नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात साडू उभा होता, हातात बिस्किटांचा डबा. "पोर आली नाही म्हणून मीच आलो," तो म्हणाला. "वा वा. घेतलात का? मला सांगितलं असतं तर मी आलो नसतो का निवडायला?" आणि बूट काढता काढता तो खोलीत शिरून नंबरवाल्यांच्या खुर्चीत बसलासुद्धा.

कॉम्प्युटर घरात आला की भिंगरी घरात राहील, हा हिशोब बरोबर निघाला होता. भिंगरीच्या पाठोपाठ साडूही घरात येईल, हे गणितात धरायचं राहून गेलं होतं.

पण त्या दिवशी साडूचं बस्तान बसेना. मान आधी डावीकडे कलली, मग पुढे आली, मग मागे गेली. डोळे किलकिले झाले. "हे जरा बारीक दिसतंय का? माझ्याकडे कसं ठळक येतं." तो लागोपाठ मेला. भिंगरी म्हणाली, "काका, समोरच तर उभा होता," आणि साडू हसला, पण त्याचं ते हसणं नेहमीचं नव्हतं. जाताना तो म्हणाला, "तुमचं यंत्र भारी आहे साडूभाऊ, पण मला नाही झेपायचं. तुम्ही बापलेकच खेळा."

दार लागलं आणि नंबरवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दातेरी अक्षरं ज्याला काचेसारखी स्वच्छ दिसतात, जो मान कलवल्याशिवाय नेम धरू शकत नाही, त्याच्या डोळ्यांत खोट असते. तिरका नंबर. धंद्यात त्याला सिलिंडर म्हणतात. शेंबडं पोरही ओळखेल अशी केस, आणि सव्वीस वर्षांचा मुरलेला माणूस इतके दिवस ती समोर ठेवून नुसता जळत बसला होता.

आणि मग दुसरा उजेड पडला, पहिल्याहून जरा मळकट. गप्प बसलं तर? साडूला या मॉनिटरवर दिसत नाही. नाही दिसत तर तो येणार नाही. आणि भिंगरीला घरचं चांगलं चित्र सोडून त्याच्याकडे जावंसं वाटणार नाही. काही करायचं नव्हतं. नुसती डोळेझाक करायची होती.

सोमवार त्यांनी आनंदात काढला. मंगळवारी जरा कमी. बुधवारी एका आजारी गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला ते एका उंच इमारतीत गेले आणि लिफ्टमध्ये शिरले. बटणांच्या वर तपासणीची चिठ्ठी चिकटवली होती: तपासले, ठीक आहे. खाली साडूची सही. चिठ्ठी डावीकडे चांगली बोटभर कललेली होती, आणि चिकटवणाऱ्याला ती सरळच दिसली असणार. नंबरवाले दार लागायच्या आत बाहेर आले आणि आठ मजले जिन्याने चढले. चौथ्यावर ते दम खायला थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "लोक मरतील की." एका दारातून कुणीतरी डोकावून पाहिलं.

त्या रात्री बायकोने विचारलं, "भाऊजींना फोन कशाला करत होतात?"

"दुकानात बोलावलंय. डोळे तपासायला."

बायकोने त्यांच्या पानात वाढताना हात सैल सोडला.

साडू गुरुवारी आला. "सिलिंडर?" तो म्हणाला. "म्हणजे गॅसचा?" हा विनोद नंबरवाल्यांनी सव्वीस वर्षांत अंदाजे चार हजार वेळा ऐकला होता, आणि इतक्या वाईट तऱ्हेने कधीच नाही. पण तपासताना ते साडूला विसरले. समोर फक्त दोन डोळे होते. त्यांनी काच फिरवली, थोडी मागे, थोडी पुढे. "आता बरं, की आता? आता, की आता?" पाऊण तास. सासरेबुवांच्या मोतीबिंदूच्या वेळीही त्यांनी इतका जीव ओतला नव्हता.

शेवटची काच बसली. साडूने तक्ता पाहिला, दारावरची पाटी पाहिली, रस्त्यापलीकडचा न्हावी पाहिला. मग नंबरवाल्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "तुम्ही म्हातारे झालात हो."

इथे नंबरवाल्यांचा तोल जरा गेला. काच त्यांनी पोटच्या पोराला देतील अशी दिली होती. तिथे बेइमानी शक्य नव्हती. पण फ्रेम हा काही वैद्यकीय प्रश्न नाही. त्यांनी सगळ्यांत खालचा खण उघडला आणि तळाची एक फ्रेम काढली. जाड, चौकोनी, शेवाळी हिरवी. अकरा वर्षांपूर्वी घाऊक व्यापाऱ्याने डझनावर फुकट दिलेली, आणि तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा हातात न घेतलेली.

"तुमच्या चेहऱ्याला हीच शोभेल," ते पापणी न लववता म्हणाले.

साडूने ती लावली आणि आरशात पाहिलं. नंबरवाल्यांनीही पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. शोभत होती. त्या रुंद, हसऱ्या तोंडावर ती शेवाळी चौकट अशी काही बसली की जणू अकरा वर्षं ती खणात त्याचीच वाट बघत होती. लिफ्टचा सुपरवायझर एकदम एखाद्या शास्त्रज्ञासारखा दिसू लागला.

रविवारी तो चष्मा लावून आला. भिंगरीने दार उघडलं आणि तिच्या तोंडाचा आ झाला. "काका, कसले भारी दिसताय," ती म्हणाली. "बाबा, बघा ना."

"बघितलंय," नंबरवाले म्हणाले.

त्या दिवशी साडू मान सरळ ठेवून खेळला आणि गुणांत भिंगरीला त्याने पहिल्यांदा हरवलं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा भिंगरीने दात-ओठ खाऊन त्याला हरवलं, आणि दोघं इतके ओरडले की शेजारच्यांनी भिंत ठोकली. नंबरवाले स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभे होते. आपणच मॉनिटर आणला, आपणच काच बसवली, आपणच फ्रेम शोधून दिली. स्वतःच्या मत्सराला इतकं मन लावून, इतकं दर्जेदार काम करून खाऊ घालणारा माणूस दुसरा नसेल. जळत होतं, अगदी पूर्वीसारखंच. फक्त या वेळी पोर त्यांच्याच घरात हसत होती, आणि दर डावानंतर वळून म्हणत होती, "बाबा, पाहिलंत का? काकांना आता सगळं दिसतं. तुम्ही नेमकं काय केलंत त्यांना?"

चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला बसले. तिरका नंबर कसा असतो, काच किती अंशांत फिरवावी लागते, रोग्याने "हीच बरी" म्हटलं तरी त्याच्यावर लगेच विश्वास का ठेवायचा नाही. भिंगरीने माऊस सोडून दोन्ही हात गालाखाली घेतले. साडू मध्ये मध्ये "खरंय, अगदी असंच झालं" म्हणत होता. खेळ पडद्यावर तसाच उभा राहिला.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती थेट दुकानात आली. "बाबा, मलाही काकांसारखाच हवा."

"तुला नंबर नाही."

"मग शून्य नंबरचा."

नंबरवाल्यांनी तिला बाहेर पिटाळलं. शून्य नंबरचा चष्मा विकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते बराच वेळ काउंटरवर बोटं वाजवत बसले. मग त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि शेवाळी चौकोनी फ्रेमचं वर्णन केलं. पलीकडे व्यापारी हसून हसून खोकायला लागला.

"अहो नंबरवाले, तो माल मी फुकट वाटला होता. गोदामात असतील पडलेल्या. किती पाठवू?"

नंबरवाल्यांनी समोरच्या आरशात पाहिलं, आपला नेहमीचा चष्मा काढला, आणि आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवून म्हणाले, "दोन. एक लहान मापाची, मुलीसाठी."

"आणि दुसरी?"

"दुसरी मोठी."

"गिऱ्हाइकाचं माप सांगा की."

"माझ्याच मापाचं आहे गिऱ्हाईक," नंबरवाले म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.